बॅडमिंटनचा हात, पिकलबॉलचे कोर्ट

वाचकाचे पत्र

मी ४६ वर्षांची आहे. महाविद्यालयात असल्यापासून बॅडमिंटन खेळत आले आणि गेल्या वर्षभरापासून एका मैत्रिणीबरोबर पिकलबॉलची दुहेरी खेळते. आमच्या गटात माझ्याइतका जोरदार फटका कोणाचाच नाही, असे सगळेच म्हणतात. तरीही साठी ओलांडलेल्या एका जोडप्याकडून आम्ही दर वेळी हरतो, तेही ११-४, ११-५ अशा फरकाने. ते दोघे फारसे पळत नाहीत, जोरात मारत नाहीत. नुसते पुढे उभे राहून चेंडू आमच्या पायांत टाकत राहतात आणि शेवटी चूक माझ्याच हातून होते. व्हॉली (टप्पा पडायच्या आधी हवेतच घेतलेला फटका) मारताना माझा पाय किचनमध्ये, म्हणजे जाळीलगतच्या व्हॉलीला मनाई असलेल्या पट्ट्यात जातो, हे आणखी वेगळे. मैत्रिणीची तक्रार अशी की मी तिच्या वाट्याचे चेंडूही घेते. दोन महिन्यांनी आमच्या क्लबची स्पर्धा आहे. फटक्याचा जोर आणखी वाढवावा का, नवे पॅडल (पिकलबॉलची बॅट) घ्यावे का, की जोडीदारच बदलावा? आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास खेळायला मिळते. त्यात सराव कसा बसवावा?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जोर वाढवू नका. आहे तो जोर कोणत्या चेंडूवर खर्च करायचा एवढेच शिकायचे आहे, आणि त्याची कसोटी एकच आहे: पॅडल चेंडूला लागते त्या क्षणी चेंडू जाळीच्या माथ्यापेक्षा वर आहे की खाली. तुमच्या पत्रातल्या बहुतेक तक्रारी या एका प्रश्नाशी येऊन थांबतात, म्हणून पुढचे बरेचसे उत्तरही त्याच्याच अनुषंगाने देत आहे.

आधी बॅडमिंटनविषयी, कारण तुमची अडचण तिथून आली आहे आणि तुमचे बळही तिथलेच आहे. पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असते, म्हणजे नेमके बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढे. यात योगायोग काही नाही. १९६५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तो बॅडमिंटनच्याच एका जुन्या कोर्टावर, आणि सुरुवातीला जाळीही बॅडमिंटनच्याच उंचीवर बांधलेली होती. पुढे ती खाली आणली गेली. आज ती दोन्ही कडांना ३६ इंच आणि मधोमध ३४ इंच असते. कोर्ट तेवढेच राहिले, जाळी मात्र पाच फुटांवरून तीन फुटांच्याही आत आली, आणि या एका बदलाने तुमच्या हातातल्या निम्म्या सवयी इथे उलट्या ठरतात. बॅडमिंटनमध्ये फूल हवेतच घ्यायचे असते, शक्य तितके उंच घ्यायचे असते, आणि कोर्टाच्या अगदी मागून मारलेला स्मॅशही वरून खाली जाणारा असल्यामुळे धोकादायक राहतो. पिकलबॉलमध्ये बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, तुमच्याकडे येणारा चेंडू टप्पा खाऊन येतो, आणि भोकांचा हा प्लास्टिकचा चेंडू फारसा उसळत नसल्याने तो कमरेच्या आसपास किंवा त्याखालीच हाताशी लागतो. म्हणजे ज्या जागेवरून तुम्ही सर्वांत जोरात मारता, त्या जागेवर चेंडू बहुधा जाळीच्या माथ्याच्या खाली असतो.

खालच्या चेंडूला जाळी ओलांडायची असेल तर त्याला आधी वर चढावे लागते, आणि चढत्या चेंडूला तुम्ही जितका वेग द्याल तितका तो जाळीपलीकडेही चढतच राहतो. पलीकडे किचनच्या रेषेवर उभ्या असलेल्या खेळाडूला तो छातीच्या उंचीवर, अगदी सोयीचा मिळतो. आणि तो सोडून देण्याइतका शहाणपणा त्याच्याकडे असेल तर चेंडू बेसलाइनबाहेर जातो. तुमचे प्रतिस्पर्धी जोडपे बहुधा या दोन्ही गोष्टी करत असावे.

यात वेळेचाही हिशेब आहे. तुम्ही बेसलाइनवर आणि प्रतिस्पर्धी किचनच्या रेषेवर, असे असताना दोघांमधले अंतर २९ फूट भरते. तुमचा फटका ताशी ६० किलोमीटर वेगाने गेला आणि वाटेत तो वेग अजिबात कमी झाला नाही असे धरले, तरी समोरच्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळतो, आणि प्रत्यक्षात हवेच्या अडथळ्यामुळे चेंडू मंदावत असल्याने त्याहूनही अधिक. तोच फटका तुम्ही किचनच्या रेषेवरून मारला तर अंतर १४ फूट उरते आणि समोरच्याच्या हाती पाव सेकंद येतो. साठीतला अनुभवी खेळाडू अर्ध्या सेकंदात पॅडल आणून ठेवतो, त्यासाठी त्याला पळावे लागत नाही; पाव सेकंदात मात्र विशीतल्या खेळाडूचीही तारांबळ उडते. तेव्हा तुमचा जोर वाया जातो आहे तो तुम्ही तो चुकीच्या ठिकाणाहून वापरता म्हणून. तो पुढे न्यायचा आहे, आणि तिथवर पोहोचायचे कसे हा खरा प्रश्न आहे.

दुहेरीत जी जोडी आधी दोघेही किचनच्या रेषेवर नीट उभी राहते, तिच्या हाती रॅलीची सूत्रे जातात. नियमच असे आहेत की हा लाभ परतवणाऱ्या बाजूला आपोआप मिळतो. सर्व्ह टप्पा पडल्यावरच परतवायची आणि तो परतीचा चेंडूही सर्व्ह करणाऱ्या बाजूने टप्पा पडल्यावरच घ्यायचा, हा दोन टप्प्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे सर्व्ह करणाऱ्या दोघांनाही मागे थांबावे लागते आणि परतवणारे मात्र परतीचा फटका मारून लगेच पुढे येऊ शकतात. त्यांच्यातला एक तर आधीपासूनच पुढे उभा असतो. तुमच्यासमोरचे जोडपे नेमके हेच करत असणार. तुम्ही सर्व्ह करता तेव्हा तुमचा पहिला प्रश्न गुण कसा घ्यायचा हा नसतोच. त्यांच्या बरोबरीने पुढे कसे पोहोचायचे हा असतो. प्रचलित पद्धतीत गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच मिळतात, तेव्हा हा प्रश्न सुटल्याशिवाय तुमचे ४ आणि ५ गुणांवर अडकणे थांबायचे नाही.

त्याचे उत्तर म्हणजे तिसरा फटका, आणि त्यातही ड्रॉप. सर्व्ह पहिला, परतीचा दुसरा, त्यानंतर तुमचा तिसरा. ड्रॉप म्हणजे बेसलाइनजवळून मारलेला असा हळुवार, कमानदार फटका की जो जाळी ओलांडून पलीकडच्या सात फुटांच्या किचनमध्ये पडावा. चेंडू खाली पडत असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला तो खालूनच वर उचलावा लागतो, म्हणजे आता उंचीची कसोटी त्याला लागू होते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही दोघी पुढे सरकता. हा फटका शिकताना जवळजवळ सगळेच चेंडू जाळीच्या अगदी लगत घालायचा प्रयत्न करतात आणि तो जाळीत अडकवतात. लक्ष जाळीवर ठेवू नका, कमानीच्या माथ्यावर ठेवा. ड्रॉपचा सर्वांत उंच बिंदू जाळीच्या आधी, तुमच्याच बाजूला असायला हवा, म्हणजे जाळी ओलांडताना चेंडू उतरणीला लागलेला असतो. कमान थोडी उंच झाली तरी चालेल. जाळीत गेलेला ड्रॉप तिथेच संपतो. थोडा उंच गेलेला ड्रॉप समोरच्याला एक बरा फटका देतो खरा, पण रॅली चालू राहते.

तुमच्या हाताच्या बाबतीत एक विशेष सूचना. बॅडमिंटनमधला वेग मनगटाच्या झटक्यातून येतो आणि हा झटका तुमच्या नकळत ड्रॉपमध्येही येणार. रॅकेट साधारण ८० ते ९० ग्रॅमची असते, पॅडल मात्र २१० ते २४० ग्रॅमच्या आसपास, शिवाय त्याचा पृष्ठभाग कडक. मनगटाचा तोच झटका इथे चेंडूला तीन-चार फूट जास्त उडवतो आणि वर कोपराला ताण देतो. ड्रॉप खांद्यातून, सैल हाताने, खालून वर ढकलल्यासारखा मारावा. मनगट स्थिर असावे आणि पॅडलचा मागचा झोका अगदी लहान असावा. मुठीची पकड दहापैकी तीन-चार इतकीच घट्ट ठेवा. पकड सैल असली की चेंडूचा आलेला वेग पॅडल स्वतःच शोषून घेते, आणि हळू मारण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

याचा अर्थ तिसरा फटका कधीच जोरात मारू नये असा नाही. परतीचा चेंडू आखूड पडला, उंच उसळला आणि तुम्ही तोल सांभाळून त्याच्यामागे उभ्या असलात, तर ड्राइव्ह, म्हणजे सपाट, जोरदार फटका, जरूर मारा, आणि तुमच्यासारख्या खेळाडूने मारलाच पाहिजे. पण तो सरळ गुण मिळवण्यासाठी नसतो. चांगला ड्राइव्ह समोरच्याकडून एक अर्धवट, आखूड व्हॉली काढून घेतो आणि त्या पाचव्या चेंडूवर ड्रॉप मारणे तिसऱ्यापेक्षा बरेच सोपे जाते, कारण तोवर तुम्ही दोन पावले पुढे आलेल्या असता. परतीचा चेंडू खोल, बेसलाइनजवळ पडला असेल तर मात्र ड्राइव्हचा मोह आवरा.

ड्रॉप मारला आणि धावत सुटले, ही पुढची चूक. बेसलाइन आणि किचनची रेष यांच्यामध्ये १५ फुटांचा पट्टा आहे, आणि तुमचे बहुतेक गुण याच पट्ट्यात जात असावेत, असे 'चेंडू पायांत टाकतात' या तुमच्या वाक्यावरून वाटते. पायांत चेंडू येतो तो त्याच्या पायांत, जो धावत असतो. हा पट्टा एका दमात पार करायचा नसतो. आपला फटका मारल्यावर तो कसा गेला ते पाहत पुढे यावे, आणि समोरचा खेळाडू पॅडल मागे नेऊ लागला की असाल तिथे दोन्ही पाय खांद्याएवढे फाकवून, गुडघे वाकवून थांबावे. मग चेंडू कुठेही आला तरी तुम्ही स्थिर असता. फटका मारून झाला की पुन्हा दोन-तीन पावले. पट्टा दोन टप्प्यांत पार झाला काय किंवा चार टप्प्यांत, त्याने काही बिघडत नाही. ड्रॉप उंच गेला असे दिसले तर पुढे न येता उलट थबकून, पॅडल खाली धरून बचावासाठी तयार राहणे शहाणपणाचे.

या पट्ट्यात उभे असताना पायाशी आलेल्या जोरदार चेंडूचे काय करायचे, हे या खेळातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे कौशल्य आहे, आणि त्याचा सराव फार थोडे लोक करतात. त्याला रिसेट म्हणतात. पॅडल आधीच शरीरापुढे, गुडघ्याच्या उंचीवर, तोंड किंचित वर करून धरायचे आणि चेंडूला मारायचे नाही. त्याला पॅडलवर येऊ द्यायचे, जणू हात त्याच्याबरोबर अर्धा इंच मागे जातो आहे. चेंडू मेल्यासारखा होऊन किचनमध्ये पडतो आणि प्रतिस्पर्ध्याचा हल्ला तिथेच विझतो. जोरात मारणाऱ्या खेळाडूला हा फटका अपमानास्पद वाटतो. पण समोरच्या जोडप्याने तुमचे ड्राइव्ह याच फटक्याने निष्प्रभ केले असणार, तेव्हा त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हे.

आता किचनच्या रेषेवर पोहोचल्यानंतरचे पाहू. इथे डिंकची, म्हणजे किचनच्या रेषेवरून पलीकडच्या किचनमध्ये हळुवार टाकलेल्या चेंडूंची, देवाणघेवाण सुरू होते आणि बॅडमिंटनच्या खेळाडूचा संयम इथेच संपतो. डिंक शक्यतो तिरका, कोर्टाच्या कर्णरेषेत मारावा. समोरासमोर दोन रेषांमधले अंतर १४ फूट, तर एका कोपऱ्यातून तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे जवळजवळ २४ फूट. शिवाय तिरका चेंडू जाळीच्या मधल्या, दोन इंच खोलगट भागावरून जातो. म्हणजे चुकायला जागाही जास्त आणि अडथळाही कमी. डिंक नुसता पलीकडे टाकत राहण्यालाही अर्थ नाही. समोरच्याच्या बॅकहँडकडच्या पायाशी, किंवा दोघांच्या मधोमध, किंवा त्याला एक पाऊल बाहेर ओढणारा, असा काहीतरी हेतू प्रत्येक डिंकमागे असावा. त्याला हलावे लागले की त्याचा पुढचा डिंक उंच येण्याची शक्यता वाढते.

आणि तो उंच आला, म्हणजे तुमच्या पॅडलला जाळीच्या माथ्याच्या वर मिळाला, की मग तुमचा बॅडमिंटनचा हात मोकळा सोडा. इथे तुमची नजर, तुमची चपळाई आणि तो मनगटाचा झटका, हे सगळे उपयोगी पडते, आणि इथे तुम्ही त्या जोडप्यापेक्षा सरस आहात. नेम रेषेवर धरू नका. पॅडल धरलेल्या हाताच्या कमरेशी आणि बगलेशी मारलेला चेंडू परतवणे सर्वांत अवघड जाते, कारण कोपर अंगातच अडकते आणि फोरहँड घ्यावा की बॅकहँड हे ठरवण्यातच वेळ निघून जातो. दुसरे चांगले लक्ष्य म्हणजे पाय. मारल्यावर पॅडल लगेच पुन्हा छातीपुढे आणा. चेंडू परत येईल असे धरूनच चला. जाळीच्या माथ्याच्या खाली असलेला डिंक मात्र कितीही कंटाळा आला तरी वेगात मारू नका. दहा डिंकनंतरही चेंडू खालीच येत असेल तर अकरावा डिंक मारावा.

याच रेषेवर उभे असताना सोडून देणे हेही शिकावे लागते. बॅडमिंटनमध्ये फूल झपाट्याने मंदावते, त्यामुळे खांद्याच्या उंचीवर आलेले फूलही पुढे कोर्टातच पडू शकते. तुमच्या डोळ्यांना तोच अंदाज बसला आहे. पिकलबॉलचा चेंडू इतका मंदावत नाही. तुम्ही किचनच्या रेषेवर असताना जोरात मारलेला सपाट चेंडू खांद्याच्या वर येत असेल, तर तो बहुतेक वेळा बाहेरच जाणारा असतो. असे चेंडू अडवून आपण प्रतिस्पर्ध्याला जीवदान देतो. सुरुवातीला दोन-चार चेंडू सोडल्यावर आत पडतील. ते पडू द्यावेत, अंदाज त्यातूनच बसतो.

किचनमधल्या फॉल्टविषयी. नियम बऱ्याच जणांना अर्धाच माहीत असतो, म्हणून तो पूर्ण सांगतो. किचनमध्ये उभे राहणे हा फॉल्ट नाही. तिथे तुम्ही कधीही जाऊ शकता, टप्पा पडायच्या आधीही जाऊन थांबू शकता, आणि टप्पा पडलेला चेंडू तिथून मारू शकता. फॉल्ट होतो तो किचनला स्पर्श असताना व्हॉली मारल्यास, आणि किचनची रेष किचनचाच भाग धरली जाते. व्हॉली मारताना आलेल्या झोकामुळे नंतर पाय आत गेला तरी तो फॉल्टच, मग तोवर चेंडू मेला असला तरीही. आत गेलेल्या खेळाडूने पुढची व्हॉली मारण्याआधी दोन्ही पाय बाहेर टेकवले पाहिजेत. तुमचा पाय आत जातो त्याचे कारण बॅडमिंटनमधली ती लांब, पुढे झेपावणारी ढांग. जाळीजवळचे फूल घेण्यासाठी ती योग्यच, पण इथे पुढे पडणाऱ्या चेंडूला टप्पा पडू देण्याची मुभा आहे हे तुमचे पाय अजून मानत नाहीत. व्हॉलीसाठी झेपावे लागत असेल तर तो चेंडू व्हॉलीचा नाहीच, असे समजून टप्पा पडू द्या. शिवाय रेषेपासून तीन-चार बोटे मागे उभे राहा आणि अंगाचा भार चवड्यांवर असला तरी डोके गुडघ्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

लॉबला, म्हणजे डोक्यावरून मागे टाकलेल्या उंच चेंडूला, उलट पावलांनी मागे जाऊ नका, एवढे मात्र निक्षून सांगतो. बॅडमिंटनमध्ये तुम्ही पाय फिरवून मागे जायला शिकलेल्या आहात, ते इथेही करा: आधी वळा, मग धावा. उलटे पळताना तोल जाऊन होणाऱ्या मनगटाच्या आणि डोक्याच्या दुखापती या खेळात सर्रास दिसतात. आणि धावण्याचे नव्हे, कोर्टचे बूट वापरा. धावण्याच्या बुटांना बाजूचा आधार नसतो आणि घोटा मुरगळतो.

सर्व्ह आणि परतीचा फटका या दोहोंविषयी थोडक्यात. दोन्ही खोल पडावेत. सर्व्हचा चौकोन किचनच्या रेषेपासून बेसलाइनपर्यंत १५ फुटांचा असतो. त्यातल्या शेवटच्या पाच फुटांत, मधोमध, न चुकता पडणारी साधी सर्व्ह पुरे. फिरकीच्या सर्व्हचे वेड मला अनाठायी वाटते. ती समोरच्याला दोनदा फसवते आणि तुम्हाला तीनदा जाळीत घालते. कमरेच्या आणि मनगटाच्या नियमांचा गोंधळ होत असेल तर चेंडू हातातून सोडून टप्पा पडल्यावर मारण्याची सर्व्ह वापरा, तिला ती बंधने लागत नाहीत. परतीचा फटका उंच, संथ आणि खोल असावा, कारण तो हवेत असतो तेवढाच वेळ तुम्हाला पुढे येण्यासाठी मिळतो. तुम्ही तो बहुधा जोरात मारत असाल. जोरात मारलेला चेंडू तितक्याच लवकर परत येतो आणि तुम्हाला अर्ध्या वाटेत गाठतो.

नवे पॅडल घेण्याची गरज नाही. कधीतरी घ्यायचेच झाले तर १६ मिलिमीटर जाडीचे घ्या. १३-१४ मिलिमीटरची पातळ पॅडल साधारणपणे जास्त वेग देतात, आणि वेगाची तुम्हाला वाण नाही. मुठीवर जास्तीची पट्टी गुंडाळून ती थोडी जाड केली तर मनगटाचा झटकाही जरा आवरता येईल.

सरावाविषयी तुम्ही दिलेली वेळ कमी नाही, पण ती सगळी सामन्यांत जात असेल तर सवयी बदलणार नाहीत, कारण सामन्यात माणूस नेहमी जुन्याच हाताने खेळतो. प्रत्येक वेळी पहिली २५-३० मिनिटे राखून ठेवा. ड्रॉपचा सराव बेसलाइनवरून सुरू करू नका. मैत्रीण पलीकडे किचनच्या रेषेवर उभी राहील, तुम्हीही आधी आपल्या किचनच्या रेषेवर उभ्या राहून डिंक मारा, आठ-दहा सलग नीट पडले की दोन पावले मागे या, पुन्हा तेच, असे करत बेसलाइनपर्यंत जा. फटका एकच असतो, फक्त झोका लांबत जातो, हे हाताला अशानेच कळते. मग मैत्रिणीला किचनवरून जोरात मारायला सांगा आणि मधल्या पट्ट्यात उभ्या राहून फक्त रिसेट करा. मैत्रिणीला हे काम आवडेल, असा माझा अंदाज आहे.

याचाच एक खेळही आहे. कोर्टाच्या अर्ध्या भागात एक जण किचनच्या रेषेवर, दुसरी बेसलाइनवर. प्रत्येक रॅलीला गुण. किचनवालीला जिंकायला ११ गुण लागतात, बेसलाइनवालीला ७. नंतर जागा बदलायच्या. मागून पुढे येणे किती कठीण आहे हे आकड्यांतच मान्य केलेले असल्यामुळे हा खेळ प्रामाणिक वाटतो, आणि ड्रॉप, थांबणे, रिसेट हे सगळे एकाच वेळी घडते. तिरक्या डिंकचा ७ गुणांचा डावही खेळावा, ज्यात किचनबाहेर पडलेला चेंडू बाद. कोर्ट मिळत नसलेल्या दिवशी भिंत पुरते: जमिनीपासून ३४ इंचांवर रेघ ओढा, भिंतीपासून सात फुटांवर उभ्या राहा, आणि सैल पकडीने चेंडू रेघेच्या किंचित वर लावत राहा.

एक मोजणी मात्र सामन्यातच करावी. दोन-तीन सामन्यांत तुमचा गुण गेला की तो कसा गेला एवढेच पाहण्यासाठी कोणाला तरी बाजूला बसवा आणि दोनच रकाने करायला सांगा: जाळीच्या माथ्याच्या खालचा चेंडू जोरात मारून गेलेले गुण, आणि इतर सगळे. पहिला रकाना किती लवकर भरतो ते तुम्हीच बघा. स्पर्धेपर्यंत तो निम्म्यावर आला तरी तुमचे ११-५ चे ११-९ होतील असे मला वाटते, आणि तिथून पुढे सामना कोणाचाही असतो.

राहिला जोडीदाराचा प्रश्न. बदलू नका, दोन महिन्यांत नव्या व्यक्तीबरोबर समज बसणे कठीण, आणि तिची तक्रार रास्त आहे. दुहेरीत दोघींनी एकमेकींपासून साधारण सारख्याच अंतरावर, एकाच रेषेत पुढे-मागे आणि बाजूला सरकायचे असते. चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला तर दोघीही उजवीकडे. तुम्ही तिचा चेंडू घ्यायला जाता तेव्हा तुमची बाजू उघडी पडते आणि तीही बुचकळ्यात पडते. समोरचे दोघे जे 'नुसते उभे' दिसतात, ते बहुधा असे एकत्र सरकत असतात आणि म्हणूनच त्यांना पळावे लागत नाही.

सामन्याआधी तिच्याशी बसून चार गोष्टी ठरवून घ्या. तुम्ही दोघीही उजव्या हाताने खेळत असाल तर मधोमध येणारा चेंडू डावीकडे उभी असणारी घेईल, कारण तिचा फोरहँड मध्ये येतो. त्या जागी तुम्ही असाल तेव्हा तो हक्काने तुमचा, आणि ती असेल तेव्हा तो तिचा, तुमच्या हाताला कितीही जवळ असला तरी. लॉब जिच्या डोक्यावरून गेला तिला तो गाठता येत नसेल तर दुसरीने तिरके मागे जायचे आणि पहिलीने न विचारता बाजू बदलायची. प्रत्येक मधल्या चेंडूला 'माझा' किंवा 'तुझा' असे मोठ्याने म्हणायचे, आणि बाहेर जाणाऱ्या चेंडूला जिला तो आधी दिसेल तिने 'सोड' म्हणायचे. चौथी गोष्ट तुमच्यापुरती: तिने 'सोड' म्हटले की तो चेंडू आत पडला तरी तिच्याकडे पाहू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती म्हणणार नाही.